गुडघेबदलासाठी सर्जन निवडताना : पुण्यातील नवख्या रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पुण्यात गुडघ्याचा सांधा बदलणाऱ्या सर्जनची वानवा नाही. ससूनसारखे सरकारी रुग्णालय आहे, शिवाजीनगरला संचेती आहे, एरंडवण्यात दीनानाथ मंगेशकर, रास्ता पेठेत केईएम, धनकवडीला भारती, पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, आणि याखेरीज जवळपास प्रत्येक उपनगरात अस्थिरोगाची लहान-मोठी हॉस्पिटले आहेत. त्यामुळे अडचण नावे मिळण्याची नसते. सोसायटीच्या बाकावर पाच मिनिटे बसले, तर पाच नावे मिळतात आणि प्रत्येक नावाबरोबर ‘डोळे मिटून जा’ हा सल्लाही मिळतो. ज्या शस्त्रक्रियेनंतर हाडांचे कापलेले पृष्ठभाग परत मिळत नाहीत, तिच्यासाठी डोळे उघडे ठेवून जावे, असे मला वाटते.

माझ्या आईचा उजवा गुडघा बदलायचे ठरले, तेव्हा ती ६९ वर्षांची होती. चार महिन्यांत आम्ही तीन सर्जनना भेटलो आणि तिसऱ्यांकडे शस्त्रक्रिया केली. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. परंतु त्या चार महिन्यांत काय विचारायला हवे होते आणि आम्ही काय विचारायचे राहिलो, हे आता मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. इमारतीतले लोक येऊन विचारतात, तेव्हा मी त्यांना जे सांगतो, तेच येथे क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी : शस्त्रक्रिया हवी आहे का, हे आधी ठरवा

सर्जनची निवड ‘गुडघा बदलायचा आहे’ या वाक्यापासून सुरू करू नये, कारण असे म्हणत आत गेलेल्या रुग्णाला ‘बदलू या’ हे उत्तर मिळणे अगदी सोपे असते. उतारवयातील झिजेचा संधिवात असेल, तर वजन उतरवणे, मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरणे आणि गरजेपुरती वेदनाशामके यांनी अनेकांची काही वर्षे बरी जातात. हे उपाय मनापासून करून झाल्यावरही रात्री दुखण्याने जाग येत असेल, घराबाहेर पडणे टळत असेल आणि एक्स-रेमध्ये झीज स्पष्ट दिसत असेल, तर सांधा बदलण्याचा विचार योग्य ठरतो.

यासाठी एक साधी गोष्ट करावी. दोन आठवडे वहीत लिहून ठेवावे : आज किती चाललो, कोणत्या कामाला गुडघा आडवा आला, रात्री किती वेळा उठलो, कोणती गोळी घेतली. आईच्या वहीत ‘मंडईतून येताना दोनदा थांबले’, ‘बसची पायरी चढताना कंडक्टरने हात दिला’ अशा नोंदी होत्या. डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘फार दुखते हो’ एवढेच तोंडातून निघते. वही त्याहून पुष्कळ सांगते. शिवाय तुम्हाला शस्त्रक्रियेतून नेमके काय परत हवे आहे, हेही तिच्यातून समजते.

एक्स-रे उभे राहून काढलेला असावा. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यावर भार नसतो, त्यामुळे कूर्चा झिजून हाडांमधले अंतर किती कमी झाले आहे, ते नीट कळत नाही. झीज पुढे गेलेली असताना सहसा एमआरआयची गरज पडत नाही. सांगितला असेल, तर ‘त्यावरून कोणता निर्णय बदलणार आहे?’ असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. खुब्याच्या सांध्यातील दोष किंवा कमरेच्या मणक्यातील दबलेली नस यांमुळेही गुडघ्यात दुखू शकते. म्हणून चांगला सर्जन रुग्णाला चार पावले चालायला लावतो, आडवे झोपवून खुबा फिरवून पाहतो, पाठीची चौकशी करतो आणि पायाची नाडी तपासतो. आम्ही ज्या पहिल्या सर्जनकडे गेलो, त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, ‘दोन्ही संपले आहेत’ असे म्हटले आणि पुढचे बोलणे बाहेर बसलेल्या समन्वयक बाईंकडे सोपवले. त्यांनी पॅकेजचे छापील कागद आणि पुढच्या आठवड्यातली तारीख आमच्या हातात ठेवली. आईच्या गुडघ्याला कोणी हातही लावला नव्हता. ती बाहेर आल्यावर म्हणाली, ‘अरे, भाजीवालासुद्धा दुधी दाबून बघायला देतो.’ आमच्या यादीतले पहिले नाव तेथेच खोडले गेले.

दुसरी पायरी : नावे कोणाकडून घ्यावीत

फॅमिली डॉक्टर हा स्वाभाविक स्रोत आहे आणि अनेक वर्षांची ओळख असेल, तर तो उत्तमही आहे. मात्र रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देण्या-घेण्याची प्रथा आपल्याकडे ‘कट प्रॅक्टिस’ या नावाने इतकी परिचित आहे की, तिच्याविरुद्ध कायदा करण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१७ साली मसुदा तयार करवून घेतला होता. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार असे कमिशन निषिद्ध आहे. त्यामुळे आपल्या डॉक्टरांवर संशय घ्यावा असे नाही. त्यांना फक्त एक प्रश्न विचारावा : ‘तुमच्या स्वतःच्या आईचा गुडघा असता, तर कोणाकडे गेला असता, आणि का?’ या प्रश्नातील ‘का’ महत्त्वाचा आहे. ‘माझे चार रुग्ण त्यांनी केले, त्यातल्या एकाची जखम चिघळली तेव्हा ते रोज येऊन पाहत होते’ असे उत्तर मिळाले, तर ते नाव वहीत लिहावे.

माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह स्रोत म्हणजे फिजिओथेरपिस्ट. त्यांच्याकडे दहा सर्जनचे रुग्ण येतात आणि शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे त्यांच्याच डोळ्यांसमोर जातात. कोणाचे गुडघे सहज वाकतात, कोणाच्या रुग्णांनी शंका विचारायला केलेला फोन उचललाच जात नाही, हे त्यांना ठाऊक असते. त्या उघडपणे कोणाला नावे ठेवणार नाहीत, पण कोणती दोन नावे त्या आपण होऊन घेतात, याकडे लक्ष द्यावे. भूलतज्ज्ञ किंवा शस्त्रक्रियागृहात काम केलेली परिचारिका ओळखीची असेल, तर सोन्याहून पिवळे.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना भेटावे, परंतु निदान एक वर्ष होऊन गेलेल्यांना. तिसऱ्या आठवड्यात सगळेच एकतर अतिशय खूश असतात किंवा अतिशय वैतागलेले. ‘डॉक्टर कसे आहेत?’ या प्रश्नाला ‘देवमाणूस’ हेच उत्तर येते आणि त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी पुढील गोष्टी विचाराव्यात. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी कोण पाहायला आले? घरी गेल्यावर सूज वाढली तेव्हा फोन कोणी उचलला? अंदाजपत्रक आणि शेवटचे बिल यांत किती फरक पडला? आता जिना कसा चढता? शेवटच्या प्रश्नावर रुग्ण उठून चढूनच दाखवतात, आणि ते पाहण्यासारखे असते.

रस्त्यावरचे फलक, मोफत तपासणी शिबिरे आणि इंटरनेटवरचे तारे यांच्या आधारे नाव यादीत घालू नये. शिबिरात तपासणी करून घेण्यास काही अडचण नाही. फक्त त्या मांडवात तारीख ठरवू नये.

तिसरी पायरी : कागद पाहणे

ही पायरी अर्ध्या तासाची आहे. सर्जनची पदवी एमएस किंवा डीएनबी, अस्थिरोग या विषयातील, आहे का ते पाहावे. डी ऑर्थो ही दोन वर्षांची पदविका आहे. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असणे अपेक्षित आहे आणि तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पदवीपुढे ‘फेलोशिप’ लिहिलेली असेल, तर ती कोठे आणि किती काळाची होती, हे विचारावे. एखाद्या मोठ्या केंद्रात वर्षभर सांधेरोपणच करून आलेला सर्जन आणि दोन आठवडे निरीक्षण करून आलेला सर्जन, दोघेही तोच शब्द लिहितात.

चौथी पायरी : संख्या विचारणे

एखादा सर्जन आणि एखादे रुग्णालय ही शस्त्रक्रिया जितक्या नियमितपणे करते, तितके गुंतागुंतीचे प्रमाण कमी राहते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. वर्षाला दहा-बारा गुडघे करणारा सर्जन आणि आठवड्याला दोन-तीन करणारा सर्जन यांच्यात हा फरक पडतो; मात्र आठवड्याला पाच आणि पंधरा यांच्यात तो तसाच वाढत जातो, असे समजू नये. काही हजारांचे आकडे फलकावर लिहिलेले असतात, तेव्हा ते बरेचदा संपूर्ण चमूचे किंवा संपूर्ण कारकिर्दीचे असतात. म्हणून प्रश्न असा असावा : ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्ही स्वतः किती गुडघे बदलले?’ आणि त्याला जोडूनच : ‘माझ्या वेळी हाडाचे काप आणि सांध्याचा तोल स्वतः तुम्ही साधणार की सहायक?’ शिकाऊ डॉक्टरांनी टाके घालण्यात काही वावगे नाही. फक्त ते आधी सांगितलेले असावे.

स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते आणि कोणते रोपण (म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा) किती वर्षे टिकले, याचा हिशेब तिच्यातून निघतो. आपल्याकडे एखाद्या सर्जनचे निकाल रुग्णाला पाहता येतील, असे जाहीर दप्तर नाही. म्हणूनच तोंडाने विचारावे लागते. ‘तुमच्या रुग्णांत जंतुसंसर्गाचे प्रमाण किती आहे?’ या प्रश्नाला ‘आमच्याकडे होतच नाही’ हे उत्तर आले, तर सावध व्हावे. जगभरातील चांगल्या केंद्रांतही शंभरात एक-दोन रुग्णांना खोलवरचा संसर्ग होतो. ‘शंभरात एखादा, गेल्या वर्षी दोघांना झाला, त्यातल्या एकाचा सांधा उघडून धुवावा लागला’ असे सांगणारा सर्जन तुमच्या मनात भीती नव्हे, विश्वास निर्माण करतो. निदान आमच्या मनात तरी तसेच झाले.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष भेट

सर्व पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे येथे थोडे थांबतो.

भेटीला रुग्णाबरोबर एकच नातेवाईक असावा. चौघे गेले, तर चौघांचे समाधान करण्यात वेळ जातो आणि रुग्ण गप्प बसतो. प्रश्न मराठीत लिहून न्यावेत आणि रुग्णानेच विचारावेत. उत्तरे नातेवाइकाने लिहून घ्यावीत. आम्ही ज्या तिसऱ्या सर्जनकडे गेलो, त्यांनी गुडघ्याकडे वळण्याआधी आईला विचारले, ‘आजी, घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का? संडास कोणता? देवपूजेला खाली बसता का?’ आम्ही सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही, हे त्यांनी कागदावर लिहून घेतले. त्या चार प्रश्नांतच माझा अर्धा निर्णय झाला होता.

आईचा प्रश्न एकच होता, ‘मला परत मांडी घालून बसता येईल का?’ त्यांचे उत्तर असे होते : ‘काही जणांना येते, पण मी तशी सवय ठेवायला सांगणार नाही. उकिडवे बसणे तर सोडूनच द्या. पूजा चौरंगावर मांडा आणि खुर्चीत बसून करा. पर्वतीला मात्र तुम्ही चढू शकाल.’ एखादा सर्जन काय देणार, हे सांगतो, त्यापेक्षा तो काय देणार नाही, हे किती सरळपणे सांगतो, यावर त्याची पारख करावी. बदललेला गुडघा सर्वसाधारणपणे ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. शस्त्रक्रियेपूर्वी तो जितका वाकत होता, त्यावर नंतरचे वाकणे बरेच अवलंबून असते. ‘जास्त वाकणारा’ म्हणून विकला जाणारा सांधा बसवला, तरी मांडी घालता येईलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही.

टिकण्याबद्दल अवश्य विचारावे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघेबदलांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. ‘आयुष्यभराची गॅरंटी’ असे म्हणणारे आणि ‘दहाच वर्षे’ असे म्हणून घाबरवणारे, दोघेही या आकड्यापासून दूर आहेत. दुसरी बाजूही ऐकून घ्यावी : शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही पाचांतला जवळपास एक रुग्ण पूर्णपणे समाधानी नसतो. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, गुडघे टेकवताना अवघडते, सांध्यातून कधी टक्-टक् आवाज येतो. हे आधी कानावर घालणारा सर्जन निवडावा.

संपूर्ण सांधा बदलायचा की अर्धा, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. झीज गुडघ्याच्या आतल्या बाजूपुरतीच असेल आणि अस्थिबंध शाबूत असतील, तर काही रुग्णांना अर्धा सांधा बदलून भागते. जो सर्जन अर्धा सांधा करत नाही, त्याला प्रत्येक गुडघा पूर्ण बदलण्याजोगा दिसू शकतो. त्याने ‘मी ते करत नाही, पण तुम्ही त्यात बसत असाल तर अमुक ठिकाणी दाखवून या’ असे म्हटले, तर तो मोठ्या मनाचा माणूस समजावा.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचे की काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने, याचा निर्णय वय, हृदय, फुप्फुसे आणि हिमोग्लोबिन पाहून व्हावा. खर्च वाचतो किंवा मुलाला अमेरिकेतून एकदाच सुट्टी मिळते, ही कारणे विचारात घ्यावीत, पण शेवटी. आईचा डावा गुडघाही झिजलेला होता. तरी तिच्या हृदयाच्या तपासणीनंतर सर्जननी एकच करायचे ठरवले आणि ‘दुसरा लागलाच तर पुढे बघू’ असे सांगितले. पहिल्या ठिकाणी, लक्षात असेल, दोन्हींचे पॅकेज आमच्या हातात होते.

आता रोबोटबद्दल. पुण्यातील वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत सध्या याचाच बोलबाला आहे. रोबोट स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. हाडाचे काप ठरवल्याप्रमाणे आणि नेमक्या कोनात व्हावेत, यासाठी ते सर्जनच्या हातातले साधन आहे. कापांची अचूकता त्याने सुधारते, हे खरे. परंतु वर्षानुवर्षांनंतर रुग्णाचे चालणे किंवा समाधान त्यामुळे स्पष्टपणे अधिक चांगले राहते, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. म्हणून ‘रोबोट आहे का?’ या प्रश्नापेक्षा ‘रोबोट त्या दिवशी बंद पडला, तर तुम्ही हाताने तितक्याच सहजपणे कराल का?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. मी तो विचारला तेव्हा सर्जन हसले आणि म्हणाले, ‘वीस वर्षे हातानेच करतोय.’

सहावी पायरी : रुग्णालय आणि सर्जनबरोबरची माणसे

अनेक सर्जन दोन-तीन रुग्णालयांत शस्त्रक्रिया करतात. तुमची कोणत्या रुग्णालयात होणार आणि रात्री दोन वाजता काही झाले, तर तेथे कोण हजर असेल, हे विचारावे. अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत असावा. फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ यांनी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी तपासलेले असावे. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली जाते आणि वेदना कमी राहाव्यात म्हणून मांडीजवळ नसेचा ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारे इंजेक्शन, देतात. त्यामुळे रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करता येते. पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून कोणती औषधे आणि किती दिवस देतात, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे. एनएबीएच हे रुग्णालयांच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय मानांकन असेल तर चांगलेच. तथापि मानांकन इमारतीला आणि कार्यपद्धतीला मिळते, हाताला नाही.

सातवी पायरी : पैसे

केंद्र सरकारच्या औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित रोपणासाठी ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या रोपणासाठी ७६,६०० रुपये, जीएसटी वगळून, अशी कमाल किंमत ठरली. तत्पूर्वी हीच रोपणे लाखाच्या वर विकली जात होती. पुढे या आदेशाला मुदतवाढ मिळत गेली आणि आकडेही बदलले, त्यामुळे सध्याची मर्यादा रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीवर विचारून घ्यावी. बिलात रोपणाची किंमत स्वतंत्रपणे, कंपनीच्या नावासह आणि बॅच क्रमांकासह दाखवणे रुग्णालयावर बंधनकारक करण्यात आले आहे. ‘सगळे पॅकेजमध्ये धरले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. पॅकेजमध्ये काय नाही, याची यादी मागावी : रक्त, फिजिशियनची भेट, अतिदक्षता विभागातील जादा दिवस, वॉकर, घरी येणारी फिजिओ.

मेडिक्लेम असेल, तर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे प्रतीक्षा कालावधी : सांधेबदलासाठी बऱ्याच पॉलिसींत तो दोन-तीन वर्षांचा असतो. दुसरी म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा, कारण मर्यादेबाहेरची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत केवळ भाडेच नव्हे, तर डॉक्टरांच्या फीसह इतर बिलही त्याच प्रमाणात कापले जाते. तिसरी म्हणजे रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी वेगळी उपमर्यादा आहे का.

ऐपत बेताची असेल, त्यांनी धर्मादाय रुग्णालयांची तरतूद अवश्य वापरावी. पुण्यातील अनेक मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर पहिली सवलत आणि ३,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर दुसरी, अशी मर्यादा आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे, आणि तारीख ठरण्याच्या आधी जावे. रोपणाचा खर्च सवलतीत कसा धरणार, हे तेथेच लेखी घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का आणि कोणत्या रुग्णालयात, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतात.

आठवी पायरी : दुसरे मत, आणि नकार देण्याची तयारी

गुडघेबदल ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. महिनाभर विचार केल्याने सांध्याचे काही बिघडत नाही. ‘या आठवड्यात केले तर सवलत’ असे ऐकू आले की, उठून घरी यावे आणि चहा करावा.

दुसरे मत घेणार आहोत, हे पहिल्या सर्जनला सांगायला संकोच वाटतो, विशेषतः आईवडिलांच्या पिढीला. ‘त्यांना काय वाटेल?’ हे आईनेही म्हटले होते. परंतु ज्याच्या हातावर विश्वास ठेवावा, असा सर्जन यावर रागावत नाही. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे एक्स-रे आणि तपासण्या पुन्हा करण्याची गरज नसते. दुसऱ्या सर्जनला पहिल्याचे नाव किंवा मत सुरुवातीला सांगू नये. त्यांचे मत स्वतंत्रपणे येऊ द्यावे, मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. दोघांनी वेगवेगळे सांगितले, तर तिसऱ्याकडे जावे. मात्र हवे ते उत्तर मिळेपर्यंत सहा ठिकाणी फिरू नये.

नववी पायरी : तारीख ठरल्यानंतरची परीक्षा

सर्जन निवडला, तरी परीक्षा संपत नाही, कारण शस्त्रक्रियेच्या आधीचे चार आठवडे तो कसे हाताळतो, यावरूनही बरेच कळते. तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त असेल, तर तारीख पुढे ढकलणारा. किडलेला दात, लघवीतला संसर्ग, पायाच्या भेगांतली जखम यांचा बंदोबस्त आधी करायला लावणारा. तंबाखू आणि मिश्री बंद करायला सांगणारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे लिहून देणारा. आणि गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले होते का, हे विचारणारा. असा सर्जन म्हणजे आपण योग्य हाती असल्याची खूण आहे. आमची तारीख आईच्या एका दाढेमुळे तीन आठवडे लांबली. घरात सगळे वैतागले होते, मला मात्र बरे वाटले.

संमतिपत्र मराठीत मागावे आणि भरतीच्या गडबडीत नव्हे, तर एक दिवस आधी घरी आणून वाचावे. कोणता पाय, संपूर्ण की अर्धा सांधा, कोणत्या कंपनीचे रोपण, शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव, हे सर्व त्यात भरलेले असावे. कोऱ्या जागांवर सही करू नये. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सर्जन स्वतः येऊन योग्य पायावर खूण करतो का, हे पाहावे. आईच्या पायावर खूण करताना त्यांनी तिलाच विचारले, ‘कोणता, आजी?’ आणि तिने उजवा पाय हलवून दाखवल्यावरच पेन टेकवले.

रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्डावर रोपणाचे स्टिकर चिकटवलेले आहेत का, ते तपासावे. गुडघ्याच्या सांध्याचे भाग वेगवेगळे असतात : मांडीच्या हाडावरचा, नडगीच्या हाडावरचा, मधला प्लास्टिकचा आणि असल्यास वाटीचा. प्रत्येकाचा स्टिकर वेगळा असतो आणि त्यावर मापे व क्रमांक छापलेले असतात. २०१० साली खुब्याच्या सांध्याचे एक रोपण कंपनीने जगभरातून परत बोलावले, तेव्हा आपल्या शरीरात नेमके काय बसवले आहे, हे कागदावरून दाखवता येणे किती गरजेचे असते, ते अनेक रुग्णांना कळून चुकले. पुढेमागे सांधा दुरुस्त करायची वेळ आली, तर त्या सर्जनला हीच माहिती सर्वांत आधी लागेल. आईचे चार स्टिकर आम्ही छायाचित्र काढून तिघा भावंडांच्या फोनमध्ये ठेवले आहेत आणि मूळ कार्ड तिच्या कपाटात, पासबुकाच्या पिशवीत आहे.